पिकअपचं भाडं किमीवर काढू नका

एका पिकअपवाल्या दादांनी विचारलंय की पुण्यात नाना पेठेतून वाकडला सोफा न् लोखंडी कपाट न्यायचं तर किमीला किती लावू. मी म्हणतो किमी सोडाच. २० किमी जायचं, २० रिकामं यायचं (परतीचं भाडं आयत्या वेळी मिळतंय कुठे), बोलेरो पिकअपला लिटरमागे १२ किमी धरा, डिझेल ९०च्या आसपास, म्हणजे झाले ३०० रुपये. एवढंच बघून लोक ८०० सांगून बसतात न मग संध्याकाळी म्हणतात हातात काही उरलंच नाही.

खरा खर्च वेळेचा. पेठेत गाडी लावायला जागा नाही, वाड्याचा जिना असला की कपाटाची दारं काढून उतरवायचं, पुढे विद्यापीठ चौकातलं ट्रॅफिक, अख्खी दुपार त्यातच. म्हणून गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, टायर-सर्व्हिसिंग न् स्वतःची मजुरी (ही धरायची सगळेच विसरतात) असं महिन्याचं एकत्र करा आणि गाडी खरंच जेवढे तास भाड्यावर असते तेवढ्याने भागा, तो तासाचा रेट, डिझेल त्यावर. हमाली वेगळी, मजल्याप्रमाणे. आणि लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका, कपाट लिफ्टमध्ये मावतं का ते विचारा, फोटो मागवा व्हॉट्सअ‍ॅपवर. सोसायटीत सामान चढवायची वेळ काय तेही आधीच विचारा, नाहीतर वॉचमन गेटवर थांबवणार. वेटिंग पहिला अर्धा तास फुकट, पुढे चार्ज, हे मेसेजमध्ये लिहूनच टाका.