टस्कनीत भाड्याची गाडी घेण्याबाबत

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघे, सासू-सासरे आणि पुण्याहून येणारे माझे दीर असे इटलीला जात आहोत. आधी फ्लॉरेन्स आणि मग सिएनाच्या वाटेवर कियांतीच्या डोंगराळ भागातील एका शेतघरात मुक्काम, असा बेत आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे बसने हिंडणे जमणार नाही, म्हणून गाडी घ्यावीच लागेल. आम्हा दोघांकडे ब्रिटनचा परवाना आहे. दिरांकडे महाराष्ट्राचा असून त्यांनाही गाडी चालवण्याची हौस आहे. गाडी कोठून घ्यावी, विम्यावर किती खर्च करावा आणि फ्लॉरेन्स शहरात गाडी नेता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद, रेडिंग

————

उत्तर १

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इटलीत पाहुण्यांचे पैसे बहुधा तिथेच जातात. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा अशा जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झोना आ ट्राफिको लिमितातो’, म्हणजे परवानगीशिवाय गाडी नेण्यास मनाई असलेला भाग (झेडटीएल) असतो. त्याच्या तोंडाशी ना फाटक असते ना पोलीस. लाल कडेचे पांढरे वर्तुळ असलेली पाटी आणि गाडीचा क्रमांक टिपणारा कॅमेरा, एवढेच. बऱ्याच ठिकाणी विजेची पाटीही असते, आणि तिच्यावर ‘वार्को आत्तीवो’ (प्रवेशबंदी चालू) असे दिसले तर परवानगीशिवाय आत जाऊ नये. दंडाची नोटीस आधी भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीकडे जाते, कंपनी तुमचे नाव-पत्ता कळवते आणि त्या कळवण्याचे शुल्क तुमच्या कार्डावरून वेगळे कापून घेते. प्रत्यक्ष दंडाचे पत्र नंतर येते; परदेशात राहणाऱ्यांना ते पाठवायला कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे, त्यामुळे सहल विसरल्यावर लिफाफा आला तर नवल वाटू नये. एकाच दिवशी वाट चुकून दोनदा आत शिरलात, तर दंडही दोन होऊ शकतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की फ्लॉरेन्समध्ये असेपर्यंत गाडी घेऊच नये. शहर सोडायच्या दिवशी सांता मारिया नोव्हेला स्थानकाजवळून ट्रामने पेरेतोला विमानतळावर जावे आणि तिथून गाडी घ्यावी. शहरातील कचेऱ्यांतून गाडी घेतली, तर परत करताना त्याच गल्लीबोळांत शिरावे लागते. पुढे कियांतीहून पुन्हा फ्लॉरेन्सला यावेसे वाटले, तर ए१ महामार्गावरूनच थेट आत जाता येते असा व्हिल्ला कोस्तान्झा हा वाहनतळ आहे. गाडी तिथे ठेवून ट्रामने शहराच्या मध्यापर्यंत जाता येते. सिएनातही गाडी तटाबाहेरच ठेवावी. तिथल्या सांता कातेरिना वाहनतळापासून कॅथेड्रलच्या बाजूला वर नेणारे सरकते जिने आहेत, त्यामुळे सासूबाईंचा चढ वाचेल.

विम्याचे म्हणाल, तर अपघात आणि चोरीचे मूलभूत संरक्षण इटलीत सहसा भाड्यातच धरलेले असते. मात्र नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा आपल्याच माथी राहतो, आणि चाके, काचा व गाडीची खालची बाजू पुष्कळदा त्यातून वगळलेली असते. तो हिस्सा भरून देणारी स्वतंत्र पॉलिसी ब्रिटनमध्ये आधीच घेतली तर काउंटरवरच्या दरापेक्षा बरीच स्वस्त पडते. तरीही अनामतीसाठी मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर पुरेशी मर्यादा शिल्लक असावी लागते, हे विसरू नये. गाडी ताब्यात घेताना चाकांच्या कडा आणि पुढच्या बंपरची खालची बाजू यांचे व्हिडिओ चित्रण जरूर करावे, कारण कियांतीतल्या शेतघरांकडे जाणारे रस्ते बहुतेक पांढऱ्या खडीचे असतात आणि ओरखडे नेमके तिथेच पडतात. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आरक्षण करतानाच तसे मागून घ्यावे.

चालवण्याबद्दल थोडेच लिहितो. आपल्याला गाडीत उजवीकडे बसायची सवय असल्याने तिथे गाडी नकळत रस्त्याच्या उजव्या कडेला सरकते; शेजारी बसणाऱ्याने उजव्या आरशावर लक्ष ठेवावे. महामार्गावर कमाल वेग ताशी १३० किलोमीटर असतो, पाऊस असेल तर ११०, आणि काही टप्प्यांत दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजला जातो, त्यामुळे कॅमेऱ्यापुरते हळू जाण्याचा उपयोग होत नाही. टोलनाक्यावर टेलिपासची, म्हणजे टोल आपोआप भरणारे यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठीची, पिवळी रांग टाळावी. फ्लॉरेन्स–सिएना वेगवान रस्त्याला टोल नाही, पण तो अरुंद आहे. वेळ असेल तर ग्रेव्हे आणि कास्तेल्लीनावरून जाणारा एसआर २२२ हा रस्ता घ्यावा, वळणे पुष्कळ असली तरी डोळ्यांचे पारणे फिटते. वाहनतळावर पांढऱ्या रेषांत सहसा विनामूल्य, निळ्या रेषांत पैसे भरून आणि पिवळ्या राखीव, असा संकेत आहे.

आपला,
एक जुना सभासद, हॅरो

————

उत्तर २

नमस्कार,

काकांच्या पत्राशी मी सहमत आहे, मात्र विम्याबाबत माझे मत थोडे निराळे आहे. स्वतंत्र पॉलिसी स्वस्त असते हे खरे, पण नुकसान झाल्यास आधी आपल्या कार्डावरून रक्कम जाते आणि मग कागदपत्रे पाठवून ती परत मागावी लागते. वयस्कर माणसे बरोबर असताना आणि दोन-तीन चालक असताना काउंटरवरचे संपूर्ण संरक्षण महाग पडले तरी मी तेच घेईन.

दिरांविषयी: भारतीय परवान्याबरोबर त्यांना आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना लागेल. तो त्यांच्या आरटीओकडून मिळतो. ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, शुल्क १००० रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत हवाच. नुसत्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी मिळत नाही. जास्तीच्या चालकाचे शुल्क कंपन्या दर दिवसाच्या हिशेबाने लावतात आणि करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, तर विमा गेलाच असे समजावे. म्हणून तिघांपैकी खरोखर कोण चालवणार, हे घरीच ठरवून टाकावे. माझ्या मते ब्रिटनच्या परवान्याचा एक चालक आणि दीर, एवढे पुरे.

दंड आलाच, तर पत्र मिळाल्यापासून पाच दिवसांत भरल्यास बहुतेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते. कंपनीने कापलेले शुल्क मात्र परत मिळत नाही.

दिरांच्या अर्जाला पूर्वी पासपोर्टबरोबर व्हिसाचीही प्रत लागत असे; २०२२ पासून व्हिसाची अट राहिलेली नाही. तेव्हा शेंगेन व्हिसाची वाट न पाहता त्यांना आरटीओकडे अर्ज करता येईल.

आपली,
एक सभासद, स्लाव