पट्ट्यावरचं विमान: दोन किलो भडंगाची पैज

मिरजेचा_पोरगा
सांगलीत विश्रामबागच्या जिममध्ये काल ट्रेडमिलवर पळता पळता वाद पेटला. धावपट्टीएवढा लांब पट्टा, वर विमान. विमान जेवढ्या वेगानं पुढं जाईल, तेवढ्याच वेगानं पट्टा मागं. विमान उडेल का? मी म्हणालो, जागेवरच राहील; दहा मिनिटं पळून मीपण आरशासमोरच होतो की. ट्रेनर म्हणतो उडेल. पैज दोन किलो भडंगाची.

पट्टेवाला
भडंग आणून ठेवा.
साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) पट्ट्यावर बावीस वर्षं फिटर आहे, म्हणून बोलतो. (शिपाई नव्हे, खरोखरचा पट्टा.) तुम्ही पायानं पट्टा मागं रेटता. मोटारीचंही तेच, इंजिनाचा जोर चाकातून रस्त्याला. विमानाच्या चाकाला इंजिन जोडलेलंच नसतं. पंखा हवा मागं फेकतो, विमान पुढं सरकतं, चाकं बिचारी नुसती खालून फिरतात.

माझ्या पोराला हे पटेना. गाळप सुरू व्हायच्या आधी पट्ट्याची ट्रायल असते, तेव्हा त्याची बेअरिंगची गाडी घेऊन गेलो. गाडीवर वीस किलोचं वजन, पुढं दोरी, दोरी स्प्रिंगच्या काट्याला, काटा खांबाला. पट्टा सोडला. काटा अर्ध्या किलोच्या आसपास. मग ड्राइव्हवरून स्पीड दुप्पट केला. काटा जरा थरथरला आणि परत तिथंच! चाकं मात्र अशी किंचाळायला लागली की सुपरवायझर धावत आला. पुढचं सांगत नाही.
तर पट्ट्याची ओढ तेवढीच. सेसना १७२ हे छोटं विमान ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जमीन सोडतं. पट्ट्यावर चाकं २०० नं फिरतील, धावपट्टी किंचित जास्त लागेल. बास.

कऱ्हाडचा_वारा
२००८ ला अमेरिकेत मिथबस्टर्स या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी करून दाखवलंय. लांब ताडपत्री गाडीनं उलटी ओढली, वरचं हलकं विमान उडालं.
पण काका, पट्टा विमानाच्या नाही, चाकाच्या वेगानं मागं जातोय असं धरलं तर?

पट्टेवाला
मग प्रश्नातच खोट आहे. चाकाचा वेग म्हणजे विमानाचा अधिक पट्ट्याचा. चाक आणि पट्टा सारखे ठेवायचे तर विमानाचा वेग शून्यच हवा. म्हणजे हलणार नाही हे आधीच ठरवून विचारताय.

मिरजेचा_पोरगा
ट्रेनर आता तीन किलो म्हणतोय, उशिराचं व्याज. एक शेवटचं: चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांशेजारी विमान नुसतं उभं केलं तर?

पट्टेवाला
समोरून १०० चा वारा सुटला तर चाक न फिरताच उचलेल. वादळात छोटी विमानं दोरांनी जमिनीला बांधून ठेवतात ती कशासाठी, राव?