डोंगरात पहिला मुक्काम, मोबाईलचा टॉर्च पुरेल का?

पहिल्यांदाच डोंगरावर रात्र काढणारे, मोबाईलचा टॉर्च चालेल ना की वेगळा घेऊ?

निवांत: मोबाईल नको रे बाबा. हेडलॅम्पच घे, हात मोकळे राहतात, आणि सेल जास्तीचे ठेव, थंडीत लवकर उतरतात, मी तर मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्येच घेऊन झोपतो, बायको हसते पण पहाटे लागतात ना!

पायवाट: शिट्टी गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नाही. अडकलास तर मिनिटात 6 वेळा वाजव, मिनिटभर थांब, परत तेच. ओरडून नुसता घसा बसतो.

आणि विजा सुरू झाल्या तर?

पायवाट: माथा सोड, एकट्या झाडाखाली थांबू नको. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तरी परत वर जायचं नाही.

निवांत: कॉटनचा टीशर्ट पण नको, घामाने भिजला की वाळतच नाही, रात्रभर कुडकुडशील.