जुने मराठी विनोदी चित्रपट घरी पाहताना प्रत कशी पारखावी?

कृष्णधवल :
सप्रेम नमस्कार. मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ (1938) आणि राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही 1952) हे चित्रपट रविवारी दुपारी घरातल्या सर्वांना दाखवण्याचा माझा विचार आहे. वडिलांनी जपून ठेवलेल्या व्हीसीडी अजून चालतात; परंतु नव्या रुंद टीव्हीवर चित्र ताणले जाऊन माणसे बुटकी दिसतात, आणि ‘झूम’ केले की डोकी कापली जातात. शिवाय काही चित्रपटांची लांबी इतरत्र नोंदवलेल्या लांबीपेक्षा चार-पाच मिनिटांनी कमी भरते. त्यामुळे या प्रतींमध्ये काटछाट झाली असावी, अशी शंका येते. याहून मोठा प्रश्न असा, की घरातील कॉलेजवयीन मुलांना हे चित्रपट संथ वाटतात. प्रत कशी पारखावी आणि सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चित्रचौकट :
प्रथम चित्राच्या आकाराविषयी. त्या काळातील चित्रपटाची चौकट जवळजवळ चारास तीन या प्रमाणात असे. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये 4:3 हा पर्याय निवडावा आणि दोन्ही बाजूंना राहणाऱ्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. ‘झूम’ केल्याने चित्राच्या उंचीचा चौथा भाग कापला जातो, आणि विनोदी चित्रपटात हे नुकसान सर्वाधिक जाणवते. या दिग्दर्शकांच्या चित्रपटांत दोन-तीन पात्रे एकाच चौकटीत उभी असतात. एक बोलत असते आणि हसू बहुधा ऐकणाऱ्याच्या हातवाऱ्यांतून आणि त्याच्या उभे राहण्याच्या ढबीतून येते. तेच कापले गेले, तर उरते ती केवळ संवादांची नभोनाट्यासारखी मालिका.

लांबीतील फरकाने लगेच घाबरून जाऊ नये. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम या गतीने चित्रित होतो, तर ‘पाल’ (PAL) या आपल्याकडील टीव्ही-पद्धतीच्या प्रतीत तो 25 फ्रेमनी चालवला जातो. त्यामुळे 125 मिनिटांचा चित्रपट एकही दृश्य न गाळता 120 मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. घट याहून जास्त असेल, तर मात्र काटछाटीचा संशय घ्यावा. गाण्यांवरून पडताळणी करणे सोपे जाते. ‘लाखाची गोष्ट’मध्ये ‘डोळ्यांत वाच माझ्या’ आणि ‘त्या तिथे, पलिकडे, तिकडे’ ही दोन्ही गाणी पूर्ण आहेत का, ते पाहावे.

व्हीसीडीचे चित्र अवघे 352 बाय 288 बिंदूंचे असते, तेव्हा मोठ्या पडद्यावर ते धूसर दिसणारच. टीव्हीपासून थोडे दूर बसावे किंवा लहान पडद्यावर पाहावे. डीव्हीडी मिळाल्यास उत्तमच. पण डीव्हीडीवरही कधी कधी व्हीसीडीचेच चित्र मोठे करून भरलेले आढळते, म्हणून केवळ वेष्टनावर विसंबू नये.

पिटातला प्रेक्षक :
संथपणाच्या तक्रारीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. हे चित्रपट भरलेल्या थिएटरसाठी बनवलेले होते. दामूअण्णा मालवणकरांसारखे नट रंगभूमीवरून आलेले होते. वाक्य टाकल्यावर प्रेक्षकांच्या हशासाठी किती थांबायचे, याचे भान त्यांच्या अंगात मुरले होते. घरात एकटा माणूस तोच चित्रपट पाहतो, तेव्हा हशाची जागा रिकामी राहते आणि तिलाच आपण संथपणा म्हणतो. चार-सहा जण एकत्र बसले, मोबाइल बाजूला ठेवले आणि पहिली पंधरा मिनिटे धीर धरला, तर त्या रिकाम्या जागा आपोआप भरू लागतात. तेव्हा आपला रविवारचा बेत अगदी योग्य आहे.

सुरुवात ‘लाखाची गोष्ट’ने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. एका महिन्यात एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट मुलांना क्षणात कळते, आणि 1952 सालच्या लाखाची किंमत किती होती हे आजी-आजोबांनी आधी सांगितले, तर गंमत दुणावते. राजा गोसावी आणि राजा परांजपे यांची जोडी परस्परांना जागा देत किती सहज काम करते, ते अवश्य पाहावे. ‘ब्रह्मचारी’ मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी ठेवावा. त्यातील नायिका मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखाची आणि ‘यमुनाजळी खेळू खेळ’ या गाण्याची इतकी चर्चा झाली, की आचार्य अत्रे यांनी दिखाऊ ब्रह्मचर्याची केलेली खरपूस थट्टा मागे पडली, हे मला फार खटकते.

आपल्या यादीत नसलेला ‘ब्रँडीची बाटली’ (1939) मिळाला तर सोडू नये. लेखक अत्रे आणि दिग्दर्शक विनायक ही तीच जोडी, आणि नगरपालिकेतील भिडस्त कारकुनाच्या मध्यवर्ती भूमिकेत दामूअण्णा. ज्या तरुणीवर त्याचे मन जडले आहे, तिच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी मिळवायला हा निर्व्यसनी माणूस बाहेर पडतो. त्याच वर्षी मुंबईत दारूबंदी लागू झाली होती, हे ध्यानात ठेवून पाहिल्यास हा विनोद अधिक बोचरा होतो. ‘ब्रह्मचारी’च्या तुलनेत त्याची आठवण फारच कमी जणांकडून निघते.

आळंदीकर :
वरील यादीत ‘गुळाचा गणपती’ (1953) हे नाव घालावे, एवढीच विनंती. भीमसेन जोशींचे ‘इंद्रायणी काठी’ घरोघरी ऐकले जाते. परंतु ते ज्या चित्रपटात आहे, तो पाहिलेली माणसे कमी भेटतात. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भोळ्या नाऱ्याची भूमिका असा सारा भार पु. ल. देशपांडे यांनी उचललेला आहे. पुस्तकांतून आणि कथाकथनाच्या ध्वनिफितींतून पु. लं.ना ओळखणाऱ्या मुलांना नाऱ्याच्या रूपातले तरुण पु. ल. पाहणे नक्की आवडेल.

कृष्णधवल :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. 4:3 केल्याबरोबर माणसे पूर्ववत दिसू लागली आणि ‘लाखाची गोष्ट’मधील दोन्ही गाणी पूर्ण असल्याची खात्री करून घेतली. एक अडचण उरली आहे : पहिली व्हीसीडी ऐन प्रसंगाच्या मध्यावर संपते आणि दुसरी घालेपर्यंत रंगाचा भंग होतो.

चित्रचौकट :
एका तबकडीत साधारण 74 ते 80 मिनिटेच मावतात, म्हणून तो तुकडा असा पडतो. संगणकात व्हीसीडी उघडल्यास ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ प्रकारची मोठी फाइल दिसेल. दोन्ही तबकड्यांतील अशा फाइली हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये ओळीने लावाव्यात. हे काम लवकर करावे, कारण जुन्या तबकड्यांचा चकाकता थर कालांतराने खराब होतो. 1938-39 चे चित्रपट ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवर छापलेले असत, आणि जानेवारी 2003 मध्ये पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत कितीतरी जुनी रिळे नष्ट झाली. म्हणून ‘ब्रह्मचारी’ची तबकडी सर्वांत आधी उतरवून घ्यावी.