डॉट क्रॉलला 'मुंग्या' म्हणावं का?

भाषांतरकार
जुन्या डब्बा टीव्हीला डीव्हीडी प्लेअर कसा जोडावा, याचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'डॉट क्रॉल'पाशी अडलेय. पिवळ्या कंपोझिट वायरीने जोडलं की निळ्यावरच्या लाल अक्षरांच्या कडेने बारीक ठिपके सरकतात ना, ते. मी 'मुंग्या' लिहिलं. आमच्या घरी पडद्यावर काहीही वळवळलं की मुंग्याच. तपासणाऱ्या बाईंनी खोडून लिहिलं, 'मुंग्या म्हणजे सिग्नल नसणे.' तुमच्याकडे काय म्हणतात?

सोल्डरगन
बाईंचं बरोबर आहे. वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. गिऱ्हाईक 'मुंग्या येतात' म्हणालं की मी आधी गच्चीवर जायचो, अँटेना बघायला. तुमचे ठिपके अँटेना फिरवून जात नाहीत. डीव्हीडीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदवलेले असतात. पिवळ्या वायरीतून पाठवायला प्लेअर ते एकत्र कालवतो आणि टीव्ही पुन्हा वेगळे करू बघतो. दहीभात कालवल्यावर दही परत काढून दाखवा! रंगाचा अंश उजेडात राहतो, तेच ठिपके. एस-व्हिडिओची चार पिनांची गोल वायर लावा, ठिपके जातात.

कोल्हापूरकर
पण मुंग्या रांगेनं सरकतात! सिग्नल गेल्यावर दिसतं ते नुसतं उकळतं, त्यात रांग कुठं आहे? आमची आजी त्याला 'तांदूळ सांडले' म्हणायची. पायाला मुंग्या येतात तेव्हाही काहीतरी सरकल्यासारखंच वाटतं. शब्द खरा या ठिपक्यांचाच.

शुद्धमराठी
'बिंदुसरण' का नको? कंपोझिटला 'संमिश्र', कॉम्पोनंटला, म्हणजे चित्र तीन वेगळ्या वायरींतून नेणाऱ्या जोडणीला, 'घटक'. घटक आणि घडणं एकाच 'घट्' धातूतले, म्हणजे ज्यांनी चित्र घडतं ते. शब्द आपल्या घरात असताना उसने कशाला?

सोल्डरगन
दुकानात 'घटक वायर' मागून बघा. टीव्हीच्या पाठीवर वाय, पीबी, पीआर छापलेलं असतं, लोक 'हिरवी-निळी-लाल' म्हणतात. ताई, पत्रकात हे ठळक लिहा: आवाजाचीही एक लाल असते. चित्राच्या तीन आणि आवाजाच्या दोन, अशा पाच पिनांत दोन लाल, तिथेच माणसं चुकतात.

शुद्धमराठी
'आकाशवाणी'ही कधीतरी नवाच होता. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

ठाणेकर
इंटरलेस्डला मी 'एकाआड एक' म्हणतो. पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या, 576 दिसणाऱ्या ओळी एकाआड एक, अर्ध्या-अर्ध्या, सेकंदाला 50 वेळा. प्रोग्रेसिव्हला 'सलग'. बऱ्याच डब्बा टीव्हींना सलग झेपत नाही. प्लेअरवर ते चालू राहिलं तर चित्र फाटतं.

शुद्धमराठी
'एकाआड एक' उत्तम! हेच म्हणतोय मी.

कोल्हापूरकर
फाटतं नाही, 'तुटतं'. फाटतो तो आवाज.

ठाणेकर
आमच्याकडे चित्रही फाटतं. बरं, भाच्याने ब्लू-रे आणलाय, त्याला फक्त एचडीएमआय. डब्बा टीव्हीला कसा जोडू?

सोल्डरगन
2013 नंतर बनवलेल्या ब्लू-रे प्लेअरना संरक्षित डिस्कचं चित्र अ‍ॅनालॉगमधून, म्हणजे पिवळी, हिरवी-निळी-लाल अशा जुन्या वायरींतून, बाहेर द्यायला परवान्यातच मनाई आहे. मध्ये कन्व्हर्टरची डबी लागेल, आणि तिच्यातूनही बहुधा पिवळीच निघेल.

शुद्धमराठी
रूपांतरक.

भाषांतरकार
पत्रक उद्या छपाईला जातंय. मुंग्या ठेवू की काढू?

कोल्हापूरकर
ठेवा! त्यावरून आठवलं. एकदा वायर कमी पडली म्हणून प्लेअरच्या हिरव्या भोकातून काढून टीव्हीच्या पिवळ्यात घातली. चित्र अगदी रेखीव, एक ठिपका नाही, पण काळं-पांढरं. आजी खूश झाली, म्हणाली, 'आता कसं आपल्या पहिल्या टीव्हीसारखं दिसतंय.'

सोल्डरगन
हिरवीत नुसता उजेड असतो. रंगच नाही, तर ठिपके कुठून येणार?