रोम ते मिलान : आई-वडिलांसोबत इटलीतील रेल्वेप्रवासाची आखणी

कोथरूडकर

नमस्कार. येत्या सप्टेंबरात मी, माझी पत्नी आणि माझे आई-वडील असे चौघे इटलीला जात आहोत. विमान रोमला उतरेल आणि परतीचे मिलानहून सुटेल. मधल्या ११ दिवसांत फ्लोरेन्स, पिसा आणि व्हेनिस पाहायचे आहे. बाबांची सारी नोकरी रेल्वेत, भुसावळ विभागात झाली. त्यामुळे बसमधून हिंडवणाऱ्या सहलीबरोबर न जाता हा प्रवास रेल्वेनेच करावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. आईचे वय ७० असून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला उंच पायऱ्या चढणे जड जाते. तिकिटे इथूनच काढून ठेवावीत की तिथे गेल्यावर, रेल्वे पास घेणे परवडेल का, आणि आईला गाडीत चढायला काही मदत मिळू शकते का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिलानवासी

तिकिटांचा विचार करण्याआधी तिथल्या गाड्यांचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. फ्रेच्चारोस्सा ही सरकारी ट्रेनइटालियाची आणि इतालो ही २०१२ पासून धावणारी खासगी कंपनीची, अशा दोन्ही वेगवान गाड्यांना आसन आरक्षित असावेच लागते आणि विमानासारखे त्यांचे भाडेही जसजसे दिवस जवळ येतात तसतसे चढत जाते. रेजोनाले म्हणजे प्रादेशिक गाड्यांना मात्र आरक्षण नसते आणि भाडे अंतरानुसार ठरलेले असते. त्यांचे तिकीट महिनाभर आधी काढा किंवा गाडी सुटण्याच्या थोडे आधी, पैसे तेवढेच पडतात. तेव्हा रोम–फ्लोरेन्स, फ्लोरेन्स–व्हेनिस आणि व्हेनिस–मिलान ही तीन तिकिटे तारखा पक्क्या झाल्याबरोबर काढून टाकावीत, आणि पिसाचे तिकीट त्या दिवशीची हवा पाहून घ्यावे. सर्वांत स्वस्त भाड्याच्या तिकिटात बहुधा बदलही करता येत नाही आणि परतावाही मिळत नाही, म्हणून विमानातून उतरल्या दिवशीच पुढची गाडी धरणार असाल तर थोडे जास्त देऊन बदलता येणारे तिकीट घ्यावे. तीन-चार प्रवासांसाठी पास घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पास असला तरी वेगवान गाडीत दर खेपेला आरक्षणाचे वेगळे पैसे भरावेच लागतात.

रोमहून फ्लोरेन्सला वेगवान गाडी सुमारे दीड तासात पोहोचते. हा मार्ग आपल्या वडिलांना आवर्जून सांगा: याचा पहिला टप्पा १९७७ मध्ये खुला झाला आणि युरोपातील वेगवान रेल्वेची सुरुवात येथूनच झाली असे मानले जाते, संपूर्ण मार्ग पुरा व्हायला मात्र १९९२ उजाडले. फ्लोरेन्स ते बोलोन्या हा २००९ मध्ये सुरू झालेला पुढचा टप्पा आपेनाइन पर्वताखालून जातो आणि त्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग बोगद्यांत आहे, त्यामुळे तिथे खिडकीबाहेर फारसे काही दिसणार नाही. पण कसारा घाट आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला त्या बोगद्यांचेच अप्रूप वाटेल.

ठाणेकर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत. त्यात इतकेच जोडते की तिकीट काढताना शहराचे नाव पाहून थांबू नये, स्थानकाचे नाव वाचावे. आम्ही व्हेनिसचे तिकीट काढले तेव्हा यादीत आधी आलेले मेस्त्रे निवडले आणि सामानासह तिथे उतरलो. बाहेर रहदारीचा रस्ता आणि बसथांबे पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाणी कुठे आहे?" मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे उपनगर आहे. खऱ्या व्हेनिसचे स्थानक सान्ता लुचिया असून ते खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडल्यावर, आणखी दहा मिनिटांनी येते. आम्ही पुन्हा तिकीट काढून तिथे गेलो. स्थानकाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले की रुंद पायऱ्या आणि त्यांच्या पायथ्याशी थेट ग्रँड कॅनालचे हिरवट पाणी. सासूबाई सर्वांत वरच्या पायरीवर बॅगेचा दांडा धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. आपल्या आईंसाठी एक सूचना: व्हेनिसमधील बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत, म्हणून हॉटेल असे निवडावे की जलबसच्या थांब्यापासून तिथपर्यंत वाटेत एकही पूल लागणार नाही.

फ्लोरेन्सचे मुख्य स्थानक सान्ता मारिया नोव्हेल्ला हे आहे; काही गाड्या तिथे न जाता शहराच्या कडेच्या स्थानकांवर थांबतात, तेही तपासावे. आणि फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते, त्यामुळे रोमला फ्लोरेन्सच्या गाडीसमोर तुरिन किंवा मिलान दिसले तर गोंधळू नये. आपल्याकडे जसा गाडीचा क्रमांक पाहतो, तसाच तिथेही पाहावा. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो, म्हणून आईंना फलकाजवळ बसवून ठेवावे, उगाच चालवू नये.

दोनदा_इटली

मदतीविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मोठ्या स्थानकांवर साला ब्लू नावाचे कार्यालय असते. चालण्यास त्रास होणाऱ्या प्रवाशांना तेथील कर्मचारी चाकाच्या खुर्चीतून फलाटावर नेतात आणि यांत्रिक उचलणीने डब्यात चढवतात. सेवा विनामूल्य आहे, पण आधी नोंद करावी लागते, तेव्हा वेगवान गाडीची तिकिटे हाती आली की त्याच दिवशी नोंद करून टाकावी. माझ्या आईला या सोयीमुळे जो धीर आला, तो मी विसरणार नाही.

पिसाला फ्लोरेन्सहून प्रादेशिक गाडीने तासभर लागतो. छापील तिकीट घेतल्यास गाडीत बसण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, आणि मोबाइलवर घेतल्यास चेक-इन करावे. हे राहिले तर तिकीट खरे असूनही दंड होतो. मनोऱ्याला पिसा सान रोस्सोरे हे छोटे स्थानक मुख्य स्थानकापेक्षा जवळ पडते, मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

कोथरूडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांनी १९७७ ची नोंद वहीत लिहून घेतली आणि साला ब्लूचे वाचून आईची निम्मी काळजी मिटली. आता एकच शंका उरली आहे. इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात असे ऐकतो, त्याची तयारी कशी ठेवावी?

मिलानवासी

संप होतात हे खरे, पण अचानक होत नाहीत. १९९० च्या कायद्यानुसार किमान दहा दिवस आधी सूचना देणे बंधनकारक आहे आणि परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची तारीखवार यादी असते. कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात, आणि लांब पल्ल्याच्याही काही हमीच्या गाड्या जाहीर होतात. म्हणून निघण्यापूर्वी आठवडाभर ती यादी रोज पाहावी. परतीच्या विमानाच्या दिवशीच व्हेनिसहून मिलानला येण्याचा बेत असेल तर तो मात्र आजच बदला. ती गाडी अडीच तासांची आहे, पुढे मालपेन्सा विमानतळ मिलान सेन्ट्रलहून आणखी पाऊण-एक तासावर आहे. आदल्या रात्रीचा मुक्काम मिलानमध्ये, तोही स्थानकाजवळच ठेवा.