मदत हवी आहे: बाबांनी सुरू केलेलं टॉरिन बंद करावं का?

नमस्कार मंडळी,

लिहिणं थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा ६९ वर्षांचे. बीपीची गोळी बारा वर्षांपासून चालू, साखर काठावर, बाकी तब्येत खणखणीत. नऊ वर्षांपूर्वी माळ घातली आणि मासे सुटले. त्याआधी घरात तिसऱ्या (शिंपल्या) आल्या की एक भाकरी जास्त खाणारा माणूस! सकाळी त्यांच्यासोबत फिरायला जाणाऱ्या काकांपैकी कुणीतरी मार्चमध्ये सांगितलं की टॉरिन (मासे-मांसात असणारं एक अमिनो आम्ल) घेतलं की वय थांबतं, आणि शाकाहारी माणसाला ते मिळतच नाही म्हणून म्हातारपण लवकर गाठतं. हे बाबांच्या मनाला लागलं. त्यांनी डबा मागवला. पांढरी बारीक पावडर, आत प्लास्टिकचा एक ग्रॅमचा चमचा. रोज सकाळी तीन चमचे कोमट पाण्यात.

गेल्या मंगळवारी पूजा आटोपून उठताना त्यांना भोवळ आली. देवघराची चौकट धरली म्हणून पडले नाहीत. मी लगेच मशीन लावलं, १०२/६०. बाबा बीपीची वही ठेवतात, तारीख, वेळ, आकडा, सगळं निळ्या शाईत. मी मागची पानं चाळली. फेब्रुवारीत वरचा आकडा १३०च्या आसपास, एप्रिलपासून ११४, ११०, १०८. गोळी तीच, मीठ तेवढंच, वजनही तेच. डॉक्टरांना पावडरीबद्दल सांगितलं का विचारलं तर म्हणाले, "अगं, ते औषध थोडंच आहे?"

तेव्हापासून रोज रात्री वाचत बसते आहे. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे कुठे चुकत असेन तर नक्की सांगा.

ही हवा सुरू झाली जून २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या शोधनिबंधामुळे. प्रमुख संशोधक तेव्हा कोलंबिया विद्यापीठात असलेले विजय यादव, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्थेतले लोकही त्यात होते. मध्यमवयीन उंदरांना रोज टॉरिन दिलं तर ते साधारण १० ते १२ टक्के जास्त जगले, शिवाय त्यांची हाडं आणि स्नायू बरे राहिले. माकडांना सहा महिने दिलं, त्यांचीही तब्येत सुधारलेली दिसली, पण माकडांचं आयुष्य वाढतं का हे त्यात तपासलेलं नव्हतं. माणसांच्या बाबतीत तर फक्त रक्तातलं प्रमाण आणि आजार यांचा मेळ घातला होता. आणि एक वाक्य जगभर गाजलं: वयाबरोबर रक्तातलं टॉरिन घटतं, साठीच्या माणसात ते पाच वर्षांच्या मुलाच्या एक तृतीयांशच उरतं.

नेमकं हेच वाक्य जून २०२५ मध्ये 'सायन्स'मध्येच आलेल्या दुसऱ्या अभ्यासात टिकलं नाही. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांचा. त्यांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांची तुलना तर केलीच, पण त्याच त्याच माणसांचं रक्त काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासलं. माणसं, माकडं, उंदीर, तिन्हींमध्ये टॉरिन वयानुसार सरसकट घटत नव्हतं. बहुतेक ठिकाणी ते तेवढंच राहिलं किंवा वाढलं. उलट एकाच माणसात वेगवेगळ्या वेळी होणारा चढउतार वयामुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा निघाला. मग 'कमी झालंय ते भरून काढा' या सल्ल्याला आधार काय उरतो?

शाकाहाराचा मुद्दाही तपासला. टॉरिन मासे, शिंपल्या आणि मांसात असतं, वनस्पतींत जवळपास नाही, हे खरं. पण आपलं शरीर ते डाळी-दुधातल्या प्रथिनांमधून स्वतः बनवतं. मांजराला हे पुरेसं जमत नाही, म्हणून मांजरांच्या खाण्यात ते घालावं लागतं. (टॉरिन हे नाव बैलावरून पडलंय, कारण १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तातून वेगळं केलं होतं. बाबांना हे कळल्यावर चेहरा उतरला होता. बाजारातली पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, हे सांगितल्यावर जिवात जीव आला.)

आता ज्याने माझी झोप उडाली ते. टॉरिनने माणसाचं आयुष्य वाढतं असं दाखवणारी एकही चाचणी मला सापडली नाही, पण बीपी उतरतं असं दाखवणाऱ्या मात्र आहेत. २०१६च्या एका चाचणीत बीपीच्या उंबरठ्यावर असलेल्या १२० जणांपैकी काहींना रोज १.६ ग्रॅम टॉरिन आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी नकली पावडर १२ आठवडे दिली. टॉरिनवाल्यांचा वरचा आकडा सरासरी ७.२ने उतरला, दुसऱ्या गटाचा २.६ने. बाबा त्याच्या जवळपास दुप्पट घेतात, तेही गोळीवर! सगळा दोष पावडरीचाच असं मी म्हणत नाही, उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं असेल. पण वहीतली तारीख आणि डबा घरी आल्याची तारीख जुळते.

माझे प्रश्न:

घटतं ही गोष्टच खरी नसेल, तर उंदरांच्या वाढलेल्या आयुष्याला काही अर्थ उरतो का? पावडर एकदम बंद केली तर चालेल का? आणि बाबांना कसं सांगू? मी काही बोलले की "तुला मी लवकर जावं असं वाटतं का" इथपर्यंत येतात.

प्रतिसाद

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. तुमचं वाचन बरोबर दिशेने आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॉरिन घटत नसलं तरी ते दिल्याने उंदीर जास्त जगले, हा निकाल त्याने पुसला जात नाही. फक्त 'तुमच्यात कमी आहे म्हणून घ्या' हे कारण गेलं. उंदरांत चाललेल्या कितीतरी गोष्टी माणसांत चाललेल्या नाहीत, त्यामुळे माणसांवरच्या चाचण्यांची वाट पाहणंच शहाणपणाचं. पावडर थांबवायला हरकत नसावी, पण बीपीच्या गोळीला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी असं बीपी मोजा. वही आणि डबा, दोन्ही दवाखान्यात न्या. सांगायचं काम डॉक्टरांवर सोपवा, मुलीचं म्हणणं वडिलांना भांडण वाटतं.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. शनिवारी वही आणि डबा घेऊन गेलो. डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली आणि बाबांनाच विचारलं, "एप्रिलमध्ये नवीन काय सुरू केलंत?" बाबा बराच वेळ गप्प बसले, मग स्वतःच डबा पुढे केला. पावडर बंद, गोळी तशीच, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायचंय. आज सकाळी उभं राहून १२२/७४.

डबा अजून फडताळात आहे, टाकू देत नाहीत. तो मुद्दा मी सोडून दिला. पण बागेतले आणखी दोन काका बीपीच्या गोळीवर असून हीच पावडर घेतात. त्यांना वाचता येईल असं मोठ्या अक्षरात एक पान मराठीत लिहायचंय. दादा, मी लिहून इथे टाकते, तुम्ही तपासून द्याल का?